हयात बाईची शिष्यवृत्ती

॥ श्री ॥

डोंबिवली, १८ एप्रिल २०२४

ती. ताईस सुशांतचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागदाचा आधार. पाच मेला आपल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. मला रजा नाही, पण तू जायचंच. नववीतून तुझी शाळा सुटली ती आईच्या आजारपणामुळे नि मला सांभाळायला, आळसामुळे नव्हे. तेव्हा तूही माजी विद्यार्थिनीच. यंदापासून दहावीतल्या एका हुशार मुलीला तुझ्या नावाने शिष्यवृत्ती देतोय. तुझं नाव आणि फोटो शाळेला पाठवलाय.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, ओरडा कमी असावा.

तुझा, सुशांत

जामसंडे, ७ मे २०२४

चि. सुशांत यास अ. उ. आ.

तुझ्या हौसेपायी लोकांनी माझे दिवस घातले रे. मी आपली नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसले. स्टेजवर टेबलावर चार फोटो, चारींनाही चंदनाचे हार, पुढे समई. चौथी मी. हेडमास्तर नवीन. शाळेत आजवर ज्यांच्या नावाने शिष्यवृत्त्या, ती सगळी माणसं देवाघरी गेलेली. त्यात तू नुसतं नाव-फोटो पाठवून मोकळा. मग दोन मिनिटं स्तब्धता. सगळे उठले म्हणून मीही उठले. बसून राहणं बरं दिसत नव्हतं.

शेजारी माझ्या वर्गातला दत्ताराम, मासे विकतो तो. एकदा फोटोकडे बघी, एकदा माझ्याकडे. शेवटी त्याने मोठ्याने सांगून टाकलं की सर, ह्या बायेन आज सकाळीच घासाघीस करून माझ्याकडसून सुरमई नेल्यान. सगळी सभा लोटपोट. हेडमास्तर धावत गेले, हार काढला आणि गडबडीत माझ्याच गळ्यात घातला.

मीही हसले. पण शिष्यवृत्ती मिळालेली पोर, तन्वी, पाया पडली आणि तिने विचारलं की मावशी, तुमका दहावीक किती टक्के होते. मी पदर सावरत विषय बदलला. लाज वाटली रे, खरंच. माझं नाव काढ, आईचं घाल. आई तरी रीतसर गेलेली आहे.

तब्येतीला जप. राग गेला की लोभ परत सुरू करीन.

ताई

डोंबिवली, १६ मे २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसत हसत पत्र वाचत होतो, शेवटाला आलो नि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रश्मीने मलाच झापलं, की नणंदबाई जिवंत आहेत एवढं कळवायला काय झालं होतं. चुकलो. तुला आनंद होईल असं वाटलेलं. तुझं दुखणं माझ्या ध्यानातच आलं नाही. नाव ठेवायचं की काढायचं ते तूच शाळेत जाऊन सांग. मी आड येणार नाही.

माया पातळ करू नकोस.

सुशांत

जामसंडे, ३ ऑगस्ट २०२४

चि. सुशांत यास अ. उ. आ.

लावणी आटपली, पाठ कशीबशी जागेवर आली. मग नाव काढायला शाळेत गेले. हेडमास्तर मला बघून अजून दचकतात. तन्वी तिथेच भेटली. तिला खरं ते सांगून टाकलं, की बाय माझे, माका टक्के नाय, मी दहावीक बसलंयच नाय. पोर हसली नाही. सरळ ऑफिसात गेली आणि बाहेरून परीक्षेला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करून आली. मी ओरडले, की ह्या वयात माझी शोभा करतस काय. पण घरी येऊन शाळेचा जुना दाखला शोधत बसले. तुझ्या भाऊजींना त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही.

काल फॉर्म भरला. तन्वी संध्याकाळी बीजगणित शिकवायला येते आणि माझं चुकलं की चांगली खडसावते. नाव राहू दे. नापास झाले तर मात्र काढ.

भीती वाटते रे. आशीर्वाद द्यायचं माझं काम मी करतेच आहे, तू एवढंच कर. मार्चात रजा काढून ये, नि पेपर सुटेपर्यंत गेटाकडे उभो रव. तुझ्या दहावीक सगळे दिवस मी उभी होतंय.

ताई