आईची काकू येतेय

९ जाने. २००३, गुरु.
आला! काकूचा इकडे आखातात यायचा व्हिसा आला! बाबांचा मरीनाच्या बांधकामाच्या साइटवरून फोन, "खलास, झालं काम!" आई लाटणं हातात घेऊन नाचली. माझी आई!! जी गरब्यातसुद्धा खुर्ची सोडत नाही.

काकू म्हणजे आईची काकू. मलेशियातल्या भाजीच्या मळ्यावर आईला तिनेच वाढवलं. घरात सगळे हक्का बोलायचे, म्हणजे चिनीच, पण त्यांची आपली वेगळी बोली. बाबा बोटीवर असताना पेनांगला आई भेटली, लग्नात म्यूईची लीला झाली. आणि मळ्याबद्दल विचारलं की एकच उत्तर, "चिखल होता, डुकरं होती, झालं." आजीबद्दल तर अवाक्षर नाही. लवकर गेली असणार, असं मी धरून चाललेय.

१० जाने., शुक्र.
आज आई सुटलीच! बाल्कनीत थर्माकोलच्या खोक्यात चवळी लावता लावता बोलत होती. शाळेआधी खांद्यावर कावड, दोन्हीकडे झाऱ्या, एका फेरीत दोन वाफे भिजले पाहिजेत. कोवळी पानं चिखलाने माखली की काकूचा धपाटा. मी नुसती "मग? मग?" करत होते.

तेवढ्यात बाबा, "सासूबाईंना एसी सोसेल ना गं?"

कोण सासूबाई??

बाबांनी पेपरात तोंड खुपसलं.

जेवणानंतर—
काकू आईची सख्खी आई आहे!!! आई जन्मली तेव्हा गावातल्या जोतिष्याने सांगितलं, पोरीचे ग्रह आईवर भारी, हिने 'आई' म्हटलं तर आई जगायची नाही. म्हणून काकू म्हणायचं. बाकी भावंडं 'आई' म्हणत, ही एकटीच काकू. मग आमच्यापुढेही काकूच. मला इतकी वर्षं धडधाकट आजी होती आणि मी तिला मारून मोकळी!

१२ जाने., रवि.
कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, एअरपोर्टवर आता 'आई' म्हणून हाक मार.
"शहाणीच आहेस! जगली ना एवढी? मग!"
निनाद (आमचं धाकटं रत्न): "आई, इट्स जस्ट अ वर्ड. नथिंग विल हॅपन."
बाबा म्हणाले, हसू नका, तुमच्या पणजोबांचं नाव धोंडू का होतं? आधीची पोरं जगली नाहीत म्हणून. देवाला वाटावं दगडच आहे, कशाला न्या.

संध्याकाळी आई आपणहून बोलली. लहानपणी दुधीच्या मांडवाखाली एकटी असताना तो शब्द हळूच म्हणायची. मग जीव खाऊन पळत जायची, ती आहे ना बघायला. मी रडलेच.

तो हक्का शब्द तिने माझ्या कानात सांगितला. इथे लिहिणार होते. हात धजेना. (आणि म्हणे कम्प्युटर इंजिनीअर!)

१७ जाने., शुक्र.
आली!! व्हीलचेअरवर एवढीशी म्हातारी, फुलाफुलांचा ब्लाउज, मांडीवर सुक्या मुळ्यांची पिशवी. आई कठड्याखालून वाकून आत घुसली, सिक्युरिटीवाला "मदाम! मदाम!" करत मागे. आणि आईने हाक मारली. "आई!"

मराठीत!

जोतिष्याला कुठे मराठी येत होतं! मी आणि बाबा वेड्यासारखे हसतोय, रडतोय.

गाडीत काकू सारखं काहीतरी विचारत होती.
"काय गं म्हणतेय?"
"विचारतेय, आई म्हणजे काय."
"मग सांग की!"
"म्हटलं, इथे म्हणतात असं." आणि ही खिडकीबाहेर बघत बसली. अशी कशी गं तू!

१८ जाने., शनि.
ऑफिसला दांडी. सकाळपासून निनाद आणि मी, आई टॉवेल, आई चहा, आई माझा सॉक्स. काकू ऐकतेय. म्हातारी काही बहिरी नाही.

आत्ता बाल्कनीत आम्ही दोघीच होतो. तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, म्हणाली, "आई?" मी मान हलवली. मग माझ्याकडे बोट, मग पुन्हा स्वयंपाकघराकडे. हो, म्हटलं. हसली. आणि मग तिने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि माझ्याकडे बघत राहिली.

चहा आणते म्हणून मी आत पळून आले, ते हे लिहितेय. चहा केव्हाचा उकळतोय. ती तिथे तशीच बसलीय.