कॅमेऱ्यासमोरच्या मिरच्या

नांदेड

प्रिय तनुजा,

पास झाले गं! मेकॅनिकलमध्ये एम. टेक., ऑनलाइन का होईना, पण पुरतं पास. अकरम तर गॅरेज उघडं टाकून पेढे आणायला पळाला. नवरा माझा, पण मिरवतोय असा, की जणू डिग्री त्यालाच मिळालीय.

सगळ्यात रडवलं ते कंपनांच्या पेपरनं. खरं तर तो विषय तुझा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली तू. लातूरला क्लाससाठी आपण एका खोलीत राहायचो, तेव्हा ट्रक गेला तरी दाराची चौकट धरून उभी राहायचीस. चेहरा पांढराफटक, तरी थरथर भिंतीतून कशी चढते ते मला समजावायचीस. त्या भीतीशी भांडत तू इंजिनिअर झालीस, आणि मी तुझ्या नादानं.

तर पेपर घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. सगळ्यांना बजावलं होतं. पण माझ्या सासूबाईंना, रईसाअम्मींना, वाटलं, परके लोक सुनेकडे एवढं टक लावून बघणार म्हणजे नजर लागणारच. ऐन पेपरात त्या मूठभर लाल मिरच्या घेऊन आल्या आणि माझ्यावरून उतरवू लागल्या. पेपर तिथंच बंद! मी इतकी चिडले, की त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

विद्यापीठानं मला ऑनलाइन चौकशीला बोलावलं, तेव्हा अम्मीच पदर सावरून त्याच कॅमेऱ्यासमोर बसल्या. “साहेब, पोरीचा काही कसूर न्हाई. मिरच्या मी उतरवून राहिले होते. नापास करायचं तर मला करा.” फेरपरीक्षा मिळाली. त्या दिवशी अम्मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. कंधारहून आलेल्या सख्ख्या बहिणीलाही आत सोडलं नाही. निकाल ऐकून रडल्या, आणि मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले.

आता मुद्द्याचं. तू एम. टेक.चा अर्ज भरलास, पण तुझ्या सासूबाई ‘आता संसार बघ’ म्हणून अडून बसल्यात, हे तू फोनवर सांगितलंस. मी ते अम्मींना बोलले, आणि तेव्हापासून त्यांना चैन नाही. रविवारी आम्ही दोघी एसटीनं निलंग्याला येतोय. मी नुसती सोबतीला. विठाबाईंशी अम्मी बोलणार आहेत, सासू म्हणून सासूशी. तू तेवढा अर्ज मागं घेऊ नकोस.

तुझीच,
हुस्ना