सरका रे, पाणी आलं

माय, सगळ्यात आधी मुंगूस आलं. तेही रीतसर फाटकाखालून, पाहुण्यासारखं इकडं-तिकडं बघत. मग होल्यांची जोडी आली, मग एक म्हातारा सरडा, आणि बेडूक तर मोरीच्या तोंडाशी कधी राहायला आला ते मलाच कळलं नाय. छावणीतलं हे अंगण तू बघितलंस तेव्हा लिंब माझ्या कमरेएवढा होता, आता गच्चीच्या वर गेलाय. मी पाचोळा झाडायचा सोडलाय, कुंपणाशी गवत वाढू दिलंय, मातीच्या परळात पाणी ठेवते. सून म्हणती, "आई, नळाला पाणी यायचा नेम नाय आणि तुम्ही बेडकाला आंघोळ घालता." घालते. भाजी धुतलेलं पाणी असतं ते, तिचं काय जातंय.

हे सगळं तुझंच आहे, म्हणून तुला सांगते. लहानपणी एकदा मी बटाटे उकडलेलं कढत पाणी तसंच परसात फेकलं. तू चुलीपुढनं उठलीस आणि माझा कान धरलास. "खाली कुणाचं तरी घर असतं. पाणी निवू द्यावं, हाक मारावी, मग ओतावं." तवापास्नं मी हाक मारते, सरका रे, पाणी आलं. गार पाणी असलं तरी मारते. आणि माय, हल्ली लिंबाच्या बाजूनं कुणीतरी म्हणतं, "ओत." भर दुपार असते, गल्लीत चिटपाखरू नसतं. वळून बघते तर नुसता पाचोळा हललेला. मुंगूस असंल, म्हणते मी. पण मुंगूस काय तुझ्यासारखं खोकत नाय.

परवा पोरगा आणि सून औरंगपुऱ्यातनं आले, संगं फरशीचा मिस्त्री. नवी गाडी घेतलीय, तिथं त्यांच्या दुकानापुढं लावायला जागा नाय, म्हणून हे अंगण खोदून फरशी टाकायची आणि गाडी इथं आणून ठेवायची. मिस्त्री टेप घेऊन वाकला, तर बेडूक टुणकन त्याच्या चपलेवर. "आजी, तुमचे भाडेकरू लई आहेत," म्हणला. मी हसले, लई हसले. पोरगा म्हणतो, लिंब तोडत नाय, बुंध्याभोवती गोल सोडू. व्हय, लिंब राहील. पण पाचोळा गेल्यावर कोण हलंल, आणि मी हाक मारली तर फरशीतनं कोण बोलंल, हे त्याला कसं विचारू?

नागपंचमीला तू मातीला कुदळ लावू द्यायची नाहीस. विळीसुद्धा फळीवर चढवायचीस. भुईच्या पोटात राहणाऱ्यांचा सण आहे म्हणायचीस. एका पंचमीला मला माहेरी न्यायला तू स्वतः येणार होतीस. हातात हिरव्या बांगड्या भरून, पिशवी मांडीवर घेऊन मी इथंच पायरीवर बसलेय, लिंबाच्या रोपाशेजारी. रिक्षाचा आवाज आला की उठतेय, परत बसतेय. आला तो भाऊ, एकटा, टोपी हातात घेऊन.

परवा निघताना पोरानं मोबाइलमध्ये बघून खोदाईचा दिवस ठरवला. मिस्त्री म्हणला, त्या दिवशी झाली तर झाली, नायतर मला दिवाळीपतुर दुसरीकडं काम आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणलं, "या की, जेवायलाच या." पुरणाचे दिंड करीन, सगळ्यांना लिंबाखाली बसवीन. सण कोणता ते कळल्यावर मजुरांतला एकही जण कुदळ उचलणार नाय.

हा कागद टपालात टाकायचा नाय, परळाखाली ठेवीन. भिजला तर भिजू दे. खरं सांगू? त्या दिवशी पंचमी आहे हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाय. आणि पिशवीही भरून ठेवलीय. ते त्याच दिवशी परत येतो म्हणाले. तूही पंचमीलाच येते म्हणाली होतीस.