जेवण आधी, मोजणी नंतर

विश्रामबाग, सांगली

तीर्थरूप लालासाहेबमामांना जयराजचा साष्टांग नमस्कार. मेढ्याच्या थंडीत गुडघा काय म्हणतोय? मामींच्या कोंबड्या बऱ्या आहेत ना? (का विचारतो ते पुढे येईलच.) मी मजेत आहे, जरा सुटलोच आहे.

तुम्ही नेहमी विचारता, मूल्यमापक म्हणजे करतोस तरी काय? तर दुसऱ्यांचं काम लोकांच्या उपयोगी पडलं का, ते खरं खरं लिहायचं आणि आपण त्यात हात घालायचा नाही. (तोंडाबद्दल नियम नव्हता.) एका संस्थेने जतकडच्या एका वस्तीवर चौघींना दहा-दहा गावरान कोंबड्या दिल्या होत्या. वर्षाने प्रत्येकीकडे निदान आठ उरल्या, तरच वस्तीला अंडी उबवायचं यंत्र मिळणार. मला फक्त मोजायचं होतं, रोज एक घर. तुमच्या पलटणीत हे काम दहा मिनिटांत झालं असतं, मान्य.

पण तिथे पाहुण्याला उपाशीपोटी कागद उघडू देत नाहीत. आधी रस्सा-भाकरी, मग मोजणी. आणि मोजणीत रोज सातच! मी जड मनाने (आणि जड पोटाने) सात लिहायचो. चौथ्या दिवशी अंबूबाईंच्या परसातही सातच भरल्यावर मी चिडून विचारलं, आठवी गेली कुठे? त्या म्हणाल्या, "आवं, आत्ताच चापली की तुमी!"

मामा, धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आठचा नियम माहीत नव्हता का, असं मी चाचरत विचारलं. "म्हाईत हाय की. पन आदी पावणं यायचं आन् नुसता च्या पिऊन जायचं. लय वंगाळ वाटायचं. औंदा ताटात वाढाय काय तरी हाय. ह्यो फायदा न्हाई व्हय?" माझ्या कागदावर या फायद्याला रकानाच नव्हता. तो समासात लिहिला आणि चारही घरांपुढे खरं तेच लिहिलं: हजर सात, मूल्यमापकाच्या पोटात एक.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
जयराज

ता. क. पोटातली कोंबडी आमच्या साहेबांना मंजूर नाही. गुरुवारी ते स्वतः चारही घरी मोजायला येतायत. यंत्र माझ्यापायी हुकू नये, म्हणून मामींच्या चार कोंबड्या बुधवारच्या आत पाठवा. खाल्लेलं परत करणं म्हणजे हात घालणं नव्हे.

पुन्हा ता. क. चार नको, आठ पाठवा. चौकशी केली, साहेबही खातात.