सात नंबर, अकरा नंबर

१९ एप्रिल, शनिवार

पाऊण तास सुरक्षिततेवर भाषण — भर उन्हात! ऐकता ऐकता तिरुभुवनम्‌च्या संघातला एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला. त्याला सावलीत नेलं आणि भाषण पुढे चालू. विषय होता, मुलांना उन्हापासून कसं जपावं.

वक्ता अर्थातच जयकुमार. माझा दीर. बारा वर्षं टेक्सासला राहून गेल्या दिवाळीत कायमचा परत आला. लोक येताना चॉकलेटं आणतात, याने बेसबॉल आणला. कुंभकोणमला! बारा वर्षांपर्यंतची मुलं, चार गावं, चार संघ. दर शनिवार-रविवार सकाळी साडेसहाला सामने. नियमांचं पुस्तक उशीएवढं जाड. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, मला नियमांचं कौतुक कोणी सांगू नये. प्रयोगशाळेच्या भिंतीवर अठरा नियम टांगलेत आणि पोरं संरक्षक चष्मा कपाळावर चढवून अ‍ॅसिड ओततात.

संध्याकाळी नवऱ्याला, मुरारीला, फोनवर सगळं सांगितलं. खूप हसला. "तुझं बरोबर आहे" म्हणाला. या घरात एकच शहाणा माणूस, आणि तो चेन्नैच्या बँकेत. महिन्यातून एकदा दिसतो!

२२ एप्रिल, मंगळवार

शर्ट आले. माझ्या सेतूला सात नंबर, जयकुमारच्या कार्तिकला अकरा. पाठीवर नावं छापलेली नाहीत. बरंच झालं, नावांचा आमच्या घरी आनंदच आहे.

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, ही इथली रीत. मुरारीने मुलाला मामंजींचं नाव ठेवलं. सहा महिन्यांत तिकडे टेक्सासला जयकुमारला मुलगा झाला, त्यानेही तेच ठेवलं. का, तर तोही वडिलांचा मुलगाच! आणि सुनांनी सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही ही दुसरी रीत. म्हणून आम्ही जावांनी हाक मारायला सेतू आणि कार्तिक काढले. शाळेत, आधारवर दोघेही मामंजी. फरक फक्त आधीच्या अक्षराचा — मुरारीचा एम, जयकुमारचा जे. उंची तीच, रंग तोच, मामंजींचं नाकही दोघांना सारखं वाटून आलंय.

मामंजी जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. खरं तर पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या मराठी घरात देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, वही फ्रिजवर उघडी ठेवली तरी चालेल. पण हात धजत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

पहिला सामना. सेतू पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारा. आंब्याच्या झाडांवर दगड मारून कमावलेला हात आहे, टेक्सासवाल्यांच्या तोंडात मारेल असा.

खेळापेक्षा नियमच जास्त. अंगावर धातू नको, म्हणून साखळ्या, कडी, ताईत काढण्यात अर्धा तास गेला. एक आजी नातवाचा ताईत काढू देईना. पंच म्हणून कॉलेजात सॉफ्टबॉल खेळणारी एक पोरगी आणलीय, शिवरंजनी. चेहऱ्यावर हसू औषधाला नाही. तिने ताईत काढला, आजीच्याच गळ्यात घातला आणि आजीला रेषेबाहेर नेऊन बसवलं. कोणाला एवढा माज कशाचा असतो कोण जाणे.

पिचरने एका दिवशी पंच्याऐंशीच्या वर चेंडू टाकायचे नाहीत. तेवढे टाकले की चार दिवस हात चेंडूला लावायचा नाही. वाढत्या वयात कोपराचं हाड कच्चं असतं म्हणून. एवढा एक नियम मला पटला, पण तसं मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही. जयकुमार मोजायला बोटात एक यंत्र अडकवून बसतो. चेंडू पडला की टिक. टेक्सासला जाऊन माणूस जप शिकून आला!

२७ एप्रिल, रविवार

सासूबाईंना गोविंदपुरमला भजनाला नेलं. दर रविवारचं हे काम माझ्याकडे, त्यामुळे रविवारचे सामने चुकतात. देवच पावला. घरी आल्यावर लावण्या म्हणाली, आज कार्तिकने चेंडू टाकले, आपण जिंकलो. जाऊबाई सांगताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मुलगा एक सामना काय जिंकला, एवढा ताठा!

४ मे, रविवार

अग्निनक्षत्र लागलं, म्हणजे इथल्या उन्हाळ्याचे सगळ्यात कडक दिवस. सकाळी सातलाच स्कूटरच्या सीटला हात लावून दाखवावा.

काल सेतू, आज कार्तिक. दोन्ही सामने आमचे. तिरुविडैमरुदूरच्या कोणा बापाने आज आरडाओरडा केला म्हणे — कालचाच मुलगा आज परत टाकतोय! जयकुमारने दोन ओळखपत्रं पुढे धरली. एक एम, एक जे. बाप जागेवर जाऊन बसला. ऐकून मी पोट धरून हसले. लोकांना नीट हरताही येत नाही.

७ मे, बुधवार

सेतू आज डाव्या हाताने जेवायला बसला. सासूबाईंनी ताटावरून उठवलं. "डाव्या हातानें जेवणें कोण शिकिवलें रे तुला?" तो म्हणाला, उजव्याला मुंग्या आल्यात. मी म्हटलं, खेळाडू झाले साहेब, आता नखरे यायचेच.

मुरारी म्हणाला, वाढीचं वय आहे, होतं असं. शिवाय शर्टाला मासळीचा वास! कोपर शेकायला बर्फ म्हणे मासळी बाजारातून आणतात. सासूबाईंनी शर्ट अंगणातच भिजवायला लावला.

११ मे, रविवार



सासूबाईंना खोकला, भजन रद्द. मुलं पाण्याची बाटली विसरून गेली होती, ती द्यायला मैदानावर गेले. अकरा नंबरचा मुलगा चेंडू टाकत होता. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. टाकण्याआधी त्याने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि हात पँटला दोनदा पुसला. गणिताच्या पेपराला बसतानाही असाच पुसतो. माझा सेतू! कार्तिक सात नंबर घालून बाकावर. मला बघून त्याने मान खाली घातली.

म्हणजे शनिवारी सेतू सेतू म्हणून टाकतो आणि रविवारी कार्तिक म्हणून. तीन आठवडे! प्रत्येक चेंडूला टिक करणारा हा महात्मा स्वतःच्या पोराचा हात कापसात ठेवतो आणि माझ्या पोराचा रहाटासारखा फिरवतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आणि तिरुविडैमरुदूरचा तो बाप खरं बोलत होता. त्याला मी हसले.

घरी आल्यावर सोडलं नाही. जयकुमारला म्हटलं, तुमचं ते पुस्तक आणा आणि त्यातलं वाचून दाखवा मला, दोन नावांनी एक कोपर किती चेंडू टाकू शकतं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकदा अण्णाशी बोला." बघा! चाळिशी ओलांडलेला माणूस थोरल्या भावाच्या धोतराआड लपतोय. लावण्या स्वयंपाकघरात अप्पळम तळत राहिली, बाहेर आली नाही.

सासूबाईंचं वेगळंच. "नांव एकच ना गे? पोरंही दोन्ही आपलींच. मग खोटें काय झालें त्यांत?"

मुरारीला फोन केला आणि रडले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी बोलतो जयाशी, म्हणाला. तू शांत हो. कोणी तरी आपल्या बाजूचं आहे, एवढ्यानेही बरं वाटलं.

१३ मे, मंगळवार

हाडांच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे. कोपराच्या आतल्या बाजूचा वाढीचा भाग ओढला गेलाय. आता थांबवलं तर भरून येईल. फेकत राहिला तर तो तुकडा सुटेल, मग ऑपरेशन, आणि हात सरळ होईलच असं नाही. चेंडू बंद, निदान तीन महिने. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं.

चिठ्ठी जयकुमारला दिली नाही. चोराच्या हाती किल्ल्या कोण देतं? सरळ शिवरंजनीच्या घरी जाऊन तिला दिली. तिने दोनदा वाचली, खिशात ठेवली आणि म्हणाली, डॉक्टरने थांबवलेलं मूल डॉक्टरने सोडल्याशिवाय मैदानात येत नाही, हा नियम आहे. जर्सी बदलण्याचं मी तिला सांगितलं नाही. घरची अब्रू! मीही याच घरची, शेवटी.

सेतूला मामंजींच्या फोटोपुढे उभं करून वचन घेतलं. त्याने नुसती मान हलवली.

१८ मे, रविवार

आपण हरलो, पण गुणांवर अंतिम सामन्यात पोचलोच. पुढच्या रविवारी जिंकणारा संघ चेन्नैला राज्य स्पर्धेला जाणार. घरात सुतक असल्यासारखे चेहरे. सेतू दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपला. मला काही वाईट वाटत नाही. हात राहिला तर खेळ!

२४ मे, शनिवार

मुरारी फोनवर म्हणाला, उद्या भजनाला जातेस ना? आईला बरं वाटेल. किती आठवण ठेवतो!

२५ मे, रविवार

गोविंदपुरमला सासूबाईंना सोडलं. आत बसवेना. का कोण जाणे. तुम्हाला न्यायला येते म्हटलं आणि स्कूटर मैदानाकडे वळवली.

अकरा नंबर. टोपी खाली. हात पँटला दोनदा पुसला. चेंडू सुटल्यावर त्याने कोपर पोटाशी धरलं, आणि पुढच्यासाठी परत उभा राहिला.

मी रेषा ओलांडून सरळ आत गेले. लोक ओरडत होते, बाई बाहेर, बाई बाहेर! जयकुमार धावत आला — वहिनी, प्रेक्षकांनी आत यायचं नाही, नियम आहे. नियम! त्याच्या तोंडून! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शिवरंजनीने खेळ थांबवला. मी म्हटलं, चिठ्ठीतला मुलगा हाच. जयकुमारने सवयीने ओळखपत्र पुढे केलं, जे. तिने ते घेतलं नाही. माझ्याकडे वळून तमिळमध्ये विचारलं, तुमच्या मुलाचं पूर्ण नाव काय, तुम्ही सांगा. सगळं मैदान ऐकत होतं. आमच्या समाजातली निम्मी मंडळी होती. चौदा वर्षांत ते नाव या तोंडातून गेलेलं नाही. मामंजींच्या शेवटच्या आजारात इस्पितळातल्या नर्सलासुद्धा मी ते कागदावर लिहून दिलं होतं.

"हरिकृष्ण," मी म्हटलं. "एम. हरिकृष्ण. मुरारीचा मुलगा. हा माझा आहे."

शिवरंजनीने सेतूच्या मुठीतून चेंडू काढून घेतला. बोटं तिलाच उलगडावी लागली. मग जयकुमारला म्हणाली, "सर, तुमच्याच पुस्तकाप्रमाणे सामना गेला." एवढंच. या पोरीला मी माजोरी म्हटलं होतं.

सेतू रडला. दुखलं म्हणून नाही. "तू सगळं घालवलंस" म्हणाला, आणि माझ्या स्कूटरवर बसला नाही. कार्तिक त्याचा डावा हात धरून चालत घरी घेऊन गेला. त्यांच्या मागून मी स्कूटर ढकलत गेले. सासूबाई गोविंदपुरमहून रिक्षाने आल्या.

संध्याकाळी त्या एकच वाक्य बोलल्या. सामन्याबद्दल अक्षर नाही. "चार लोकांत त्यांचें नांव घेतलेंस ना, सुप्रजा." नाव एकच, मग खोटं काय, असं त्या म्हणाल्या तेव्हाच काय ते व्हायचं ते झालं होतं.

मुरारीला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाला, रजा टाकतो, परवा पहाटेच्या गाडीने येतो. आता तो येऊन भावाला दोन शब्द सुनावेल. एकदाचा!

२६ मे, सोमवार

डॉक्टरांकडे परत. तुकडा सरकलाय, पण सुटलेला नाही. ऑपरेशन टळलं, असं आज तरी म्हणतात. हात झोळीत.

बाहेर उसाचा रस घेऊन दिला. डाव्या हाताने पीत होता. मी कालपासूनची टेप लावलेलीच होती — तुझा काका असा, तुझा काका तसा. तो ग्लासात बघत म्हणाला, "काकांना बोलू नकोस ना, आई. काका नको म्हणत होते. पहिल्यांदाही आणि आताही. अप्पा दर शनिवारी रात्री त्यांना फोन करायचे. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, माझा मुलगा चेन्नैला खेळायला येणार म्हणून." मग म्हणाला, "तुला भजनाला पाठवायचंही अप्पांनीच ठरवलं होतं. मी सांगितलं म्हणू नकोस हं त्यांना."

घरी आलो तर जयकुमार विचारत होता, उद्या पहाटे अण्णाला आणायला स्टेशनवर किती वाजता निघू? त्याच्याकडे नीट बघितलं, किती दिवसांनी. म्हटलं, भाऊजी, तुम्ही झोपा. मी जाते.