मागे राहिलेला इस्तो

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! पिंपळगाव राजापर्यंत एसटी, पुढे युसूफभाईंची जीप, आणि वाटेत त्यांच्या अखंड गप्पा. चिंचखोरीच्या वनचौकीत मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. खिडकीतून सागाचा सगळा उतार दिसतो. काम मनासारखं आहे: डोंगरावर चार हवामान यंत्रं बसवायची आणि वारा, तापमान, हवेतला ओलावा यांच्या आकड्यांवरून रोज जंगलाचा नकाशा रंगवायचा. जिथे लाल चौकोन, तिथे वणव्याचा धोका, तिथे माणसं आधी पाठवायची. जीपच्या टपावर बांधलेल्या यंत्राच्या खांबाला युसूफभाईंनी लगेच नाव ठेवलं. म्हणाले, "हे बुजगावनं तं नुसती हवा खाऊन राह्यलं मॅडम. आपल्याले कोन जेवाले देईन?"

जेवण शेजारच्या भिमाबाई देतात. घरात त्या आणि चार वर्षांची नात राखी. राखी माझ्याशी बोलत नाही, पण जाताना माझी चप्पल घालून गेली.

११ फेब्रुवारी
आज जाळरेषा झाली. उन्हाळ्याआधी जंगलाच्या कडेने गवताचा पट्टा मुद्दाम जाळून ठेवतात. पुढे वणवा आला तर तिथे अडतो. आकडे पाहून दिवस मीच ठरवला. वारा अगदी पडलेला होता. सकाळी भिमाबाईंच्या चुलीतला इस्तो, म्हणजे धगधगता निखारा, मडक्यात घेऊन निघालो. वनरक्षक उत्तमरावांनी पाहुणी म्हणून पहिला पेंढा माझ्या हातून पेटवला. पट्टा सुरेख जळला.

इथली रीत अशी की काम संपल्यावर त्याच आगीतला एक निखारा मडक्यात घालून चुलीत परत आणायचा. पेटता निखारा वाळल्या जंगलातून नेणं मला पटेना. मी सगळीकडे पाणी मारायला लावलं. भिमाबाईंनी रिकामं मडकं पाहिलं आणि विचारलं, "काऊन वो पोरी, माहा इस्तो कुठी हाय?" विझवला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. घरून नेलेला इस्तो घरी आणावाच लागतो, नाहीतर तो मागे शोधत फिरतो, असं त्या म्हणाल्या. काय शोधतो, ते मी विचारलं नाही. उत्तमराव हसले. मीही हसले.

२५ फेब्रुवारी
एक चमत्कारिक गोष्ट. चारही यंत्रांवरचे वाऱ्याचे बाण आज नकाशातल्या एकाच चौकोनाकडे, जाळरेषेकडे, वळलेले दिसले. मोठी आग पेटली की ती चहूबाजूंनी हवा ओढते, तेव्हा असं दिसतं. पण तिथे आग नाही. उपग्रहाच्या चित्रात काही नाही, धूर नाही. उत्तमराव म्हणतात, यंत्रात बिघाड असेल. चारही यंत्रांत एकदम?

३ मार्च
चौकोन सरकला आहे. जाळरेषेपासून खाली, चौकीच्या दिशेने.

उत्तमरावांना घेऊन भर दुपारी तिथे गेले. काही जळलेलं नव्हतं. पण पळसाची फुलं हातात घेताच पापडासारखी चुरली. जमीन बुटातून पोळत होती. पाखरू नव्हतं. परतताना उत्तमराव एवढंच म्हणाले की भिमाबाईंना यातलं काही सांगू नका.

८ मार्च
सांगायला लागलंच नाही. त्यांच्या माठात सकाळी भरलेलं पाणी दुपारी नव्हतं. माठ फुटलेला नाही. मी ओढणी पिळून दोरीवर टाकली तर ती टाकता टाकताच वाळली, कडक झाली.

बाण आता आमच्या आवाराकडे.

भिमाबाई म्हणाल्या, "आला तो." मग जाळरेषेवर गेल्या, तिथे काटक्या पेटवल्या आणि एक निखारा मडक्यात घरी आणला. चुलीत घातला. थोडा वेळ पाहत बसल्या आणि मान हलवली. हा तो नाही म्हणाल्या.

१० मार्च
राखीचे ओठ चिरले आहेत. नाकातून रक्त. अंग असं तापलं आहे की हात ठेववत नाही. मीच उशाशी बसून आहे, ओल्या पट्ट्या ठेवते आहे. पट्टी ठेवली की वाळते.

घर बदललं पाहिजे. त्याला चूल हवी असेल तर आपणच इथून निघू. उद्या खामगावला, दवाखान्यात.

११ मार्च
दवाखाना. युसूफभाईंनी जीप पळवली, भिमाबाईही बरोबर आल्या. घर मागे पडलं तरी ताप उतरला नाही. मी राखीचा हात धरून होते.

डॉक्टरांना कळत नाही. सलाईन लावलं आहे.

दुपारी चहाला खाली गेले. वर आले तर नर्स हसत होती: ताप उतरला, पोरीनं डोळे उघडले. मी खाटेवर बसले. जरा वेळाने पुन्हा— पुन्हा नाकातून—

छोटं ओलावामापक पिशवीतून काढलं. दारात धरलं: ठीक. माझ्या ओढणीशी धरलं: काटा खाली, तळाला.

तो घर शोधत नव्हता. पेंढा मी पेटवला होता. निखारा परत न्यायला नको, हेही मीच म्हटलं होतं.

१२ मार्च
भिमाबाईंना सांगून निघाले. त्यांनी अडवलं नाही. हात मात्र सोडवत नव्हता त्यांना. पोळला असेल.

रस्त्यालगत नांगरलेलं वावर आहे. नुसती काळी ढेकळं. जवळ झाड नाही, कपाशीची वाळकी पऱ्हाटी नाही, माणूस नाही. मधोमध बसले आहे. इथे जळण्यासारखं—

युसूफभाईंचा फोन. राखी उठून बसली. बिस्कीट मागते. मॅडम कुठी गेली म्हणते. ते विचारत होते, तुम्ही कुठी हा, घ्याले येतो. मी फोन ठेवला.

वारा चारी बाजूंनी. माती सगळीकडून माझ्याकडे—

पेनची शाई वाळते आहे. जोर लावून—

मागे ऊब. कुणी पाठीशी येऊन उभं राहावं तशी. वळून पाहणार नाही.

जर मी उठले, पळाले, तर तो पुन्हा तिच्या— नाही.

ये. मी उठत नाही. पोरीकडे जाऊ नको. मी इथंच आहे, हे बघ, इथं—