रविवारपर्यंत पोहता येईल

ती. ताई,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. (डावा फार दुखतो असं तुझा मुलगा फोनवर म्हणाला, म्हणून त्याला दोनदा.) इकडे सगळे मजेत. माझा गुडघा शिलाई मशीनच्या तालावर कुरकुरतो, डॉक्टर वर्षभर 'पोहायला जा' म्हणून कानीकपाळी ओरडतायत आणि मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडतोय. शिंप्याने दुकान सोडून पाण्यात काय उतरायचं?

तर बातमी अशी की तुझा भाऊ एकसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकतोय. हल्ली गिऱ्हाइकं मोबाइलवर इंग्रजीत काहीबाही लिहितात आणि मी उलट अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतो. (एकाने पँट फाटल्याचं कळवलं होतं. त्यालाही अंगठाच गेला.) शेवटी तुझ्या भावजयीने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात आम्हा दोघांची नावं घातली. वर्गात आम्ही दोघं, एक घड्याळ दुरुस्त करणारा आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर. बाई आमच्या मुलीहून लहान, पण धाक असा की ड्रायव्हर हात वर केल्याशिवाय खोकत नाही.

गेल्या सोमवारी धडा निघाला तो काय करता येतं, काय यायचं आणि काय येईल याचा. आपल्याकडे एकाच बाहीची लांबी जरा कमीजास्त केली की तिन्ही काळ अंगात बसतात. तिकडे आज येत असेल तर 'कॅन', पूर्वी येत असेल तर 'कुड', आणि उद्याचं म्हणशील तर 'विल बी एबल टू' असं भलंमोठं ठिगळ. (उद्याचा भरवसा त्यांनाही दिसत नाही.) बाईंनी सगळ्यांना तिन्ही काळांत वाक्यं करायला सांगितली. ड्रायव्हरला म्हणे पूर्वी डोळे मिटून बस उलटी घेता यायची. मी वीस वर्षं त्याच बसने जायचो, मला बसल्या जागी घाम फुटला. मग तुझी भावजय उठली नि म्हणाली, 'माय हजबंड कुड स्विम.' तेवढ्यावर थांबेल तर ती कसली! पुढे मराठीत अख्खी कथा सांगितली, बाराव्या वर्षी कालव्यात उडी टाकून मी तुला वेणीला धरून कसं बाहेर काढलं ती. वर्गाने टाळ्या वाजवल्या. घड्याळवाल्याने तर डोळे पुसले.

बाईंनी विचारलं, आणि आता? म्हटलं, 'कॅनॉट', गुडघा आहे. मग पुढे? सगळे माझ्याकडे बघतायत, ही तर भिजलेला मीच समोर उभा असल्यासारखी कौतुकाने बघतेय, आणि मी छाती फुगवून बोलून गेलो की रविवारपर्यंत 'विल बी एबल टू'. नुसता बोललो असतो तर निभावलं असतं गं, पण मी ते वहीत लिहिलं. तारखेसकट! अडतीस वर्षांत माझ्या वहीत पडलेली तारीख कधी चुकलेली नाही, नवरदेवाचा कोट मी तापाने फणफणत असताना वेळेवर दिलाय. बाकीच्यांनी आपापली वाक्यं विसरूनही टाकली. मी त्याच संध्याकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःचं माप घेतलं.

पोहायची चड्डी दुसऱ्याच्या दुकानातून आणायची म्हणजे शिंप्याची शोभाच. घरीच शिवली, सुटिंगच्या उरलेल्या कापडाची, अस्तर लावून. आणि (हसू नकोस) चार खिसे. बिनखिशाची चड्डी माझ्याच्याने शिववतच नाही. मंगळवारी सकाळी पोहण्याच्या तलावात उतरलो, चारही खिसे पाण्याने भरले आणि चड्डी माझ्याआधी तळाला निघाली. मी ती दोन्ही हातांनी धरलेली, आणि मास्तर काठावरून ओरडतोय, 'काका, हात सोडा, हात सोडा!' म्हटलं, अहो, हात सोडले तर बाकीचंही सुटेल. बुधवारी खिसे उसवले. गुरुवारी चक्क तरंगलो. शुक्रवारी पोटात एवढं पाणी गेलं की घरी येऊन चहाला नको म्हणालो. आणि आज, रविवारी, सगळा वर्ग काठावर उभा असताना, मी उथळ बाजूला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहत गेलो! ताई, मला पोहता येतं! ड्रायव्हरने शिट्टी मारली, 'कॅन! कॅन!' ओरडून बाईंचा घसा बसला. खरं सांगतो, स्वतःचं दुकान उघडलं त्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता.

तू गुरुवारी येते आहेसच. सकाळची गाडी धर, बसायला जागा मिळते. बाकी सगळं भेटीत बोलूच.

तुझा कोरडा झालेला,
धाकटा भाऊ

ता. क. : तू आलीस की बाई तुला वर्गात बोलावणार आहेत. कालव्याची गोष्ट सगळ्यांना तुझ्या तोंडून ऐकायची आहे. आता ताई, कालव्यात बुडत होतो तो मी, आणि मला कॉलर धरून ओढून काढलंस ती तू, हे तुला आठवतं आणि मलाही आठवतं. पण लग्न ठरताना हिला सांगायच्या भरात मी जागांची जराशी अदलाबदल केली, ती छत्तीस वर्षं निस्तरायची राहून गेली. या वयात तिच्या मनातून उतरलो तर कुठे तोंड दाखवू? तू बुडाली होतीस, एवढं म्हण. पाया पडतो. (डाव्या.)

आणखी एक ता. क. : अगदी गळ्यापर्यंतच बुडालीस तरी चालेल.

वन्सं, सा. न. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं की मी आधी पत्र वाचते, हे ह्यांना अजून कळलेलं नाही. कालव्यातून कोणी कोणाला काढलं ते तुम्ही मला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतंत. पण ती गोष्ट मी चारचौघांत काढली की ह्यांना कशाचीच भीती वाटेनाशी होते. डॉक्टरांचं काही केल्या ऐकेनात, म्हणून म्हटलं वर्गात सांगून बघावी. आज हे जिना कठडा न धरता चढले हो! तेव्हा तुम्ही ह्यांनी लिहिलंय तस्संच सांगा. फक्त वेणीपाशी आलात की माझ्याकडे बघू नका, मला हसू आवरायचं नाही.